औरंगाबाद आणि जेद्दा : अडीच तासांच्या फरकातली दोन शहरं

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) आणि सौदी अरेबियातलं जेद्दा या दोन शहरांच्या घड्याळांत अडीच तासांचा फरक आहे. आपल्याकडे दुपारचे अडीच वाजतात तेव्हा जेद्दात बारा वाजलेले असतात. हा फरक वर्षभर कायम राहतो, कारण उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याची पद्धत भारतातही नाही आणि सौदीतही नाही. ज्यांचे नातेवाईक लंडनला किंवा शिकागोला आहेत त्यांना वर्षातून दोनदा हिशोब बदलावा लागतो. जेद्दावाल्यांच्या घरच्यांना तो त्रास नाही.

एवढं तर सगळ्यांनाच ठाऊक असतं. रोशन गेट, कटकट गेट, किराडपुरा, बुढी लेन, कुठल्याही मोहल्ल्यात ज्या घरातला माणूस सौदीत आहे, तिथलं लहान मूलसुद्धा "अडीच वजा करा" असं सांगतं. पण अडीचच का? तिथल्या नमाजच्या वेळा आपल्या वेळांसारख्याच का दिसतात? ईद तिथे आधी का होते? आणि कागदपत्रांचं काम निघालं तर आठवड्यातले नेमके किती दिवस हाताशी असतात? हे प्रश्न आम्हाला वर्गात मुलं विचारतात आणि वर्गाबाहेर त्यांच्या अम्मी विचारतात. म्हणून जी माहिती खात्रीची आहे ती एका जागी मांडत आहोत.

अडीच तास आले कुठून?

इयत्ता आठवीच्या भूगोलात स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ हा पाठ आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका तासात १५ अंश आणि एका अंशाला ४ मिनिटं. पूर्वेकडच्या गावाला सूर्य आधी दिसतो, पश्चिमेकडच्या गावाला नंतर. प्रत्येक गावानं आपल्या डोक्यावरच्या सूर्याप्रमाणे घड्याळ लावलं तर रेल्वे चालायची नाही, म्हणून देश एक रेषा ठरवतो आणि सगळ्यांनी त्या रेषेची वेळ पाळायची असते. भारताची रेषा ८२ अंश ३० मिनिटं पूर्व, ती उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. सौदीची वेळ ४५ अंश पूर्व रेखांशाची आहे. दोन्हींत साडेसदतीस अंशांचं अंतर. साडेसदतीस गुणिले चार म्हणजे दीडशे मिनिटं, म्हणजेच अडीच तास.

हे झालं सरकारी घड्याळाचं. सूर्याचा हिशोब जरा वेगळा आहे. आपलं शहर साधारण ७५ अंश २० मिनिटांवर आहे आणि जेद्दा ३९ अंश ११ मिनिटांवर. त्यांच्यातलं अंतर ३६ अंशांहून किंचित जास्त, म्हणजे आपल्या डोक्यावरचा सूर्य जेद्दाच्या डोक्यावर पोचायला सुमारे दोन तास पंचवीस मिनिटं घेतो. सूर्याचा फरक दोन तास पंचवीस आणि घड्याळाचा दोन तास तीस. तफावत फक्त पाच मिनिटांची!

आपल्या शहराचा खरा मध्यान्ह घड्याळात बारा वाजता होत नाही. वर्षाची सरासरी धरली तर तो १२ वाजून २८-२९ मिनिटांनी होतो, कारण आपण मिर्झापूरच्या बरेच पश्चिमेला आहोत. जेद्दाही आपल्या देशाच्या रेषेच्या पश्चिमेलाच आहे, तिथला मध्यान्ह १२ वाजून २३ मिनिटांच्या आसपास होतो. म्हणजे दोन्ही शहरं आपापल्या घड्याळाच्या मागे जवळपास सारखीच रेंगाळतात. त्यात अक्षांशही जवळचे, आपला १९ अंश ५३ मिनिटं आणि त्यांचा साधारण साडेएकवीस. त्यामुळे दिवस-रात्रीची लांबीसुद्धा जुळते.

आकड्यांतच बघा. २१ जूनला आपल्याकडे सूर्य ५.५० च्या सुमाराला उगवतो आणि ७.१० ला मावळतो. त्याच दिवशी जेद्दात सूर्योदय ५.४२ ला आणि सूर्यास्त ७.०८ ला, तिथल्या घड्याळात. २२ डिसेंबरला आपल्याकडे ६.५९ आणि ५.५५, तिथे ६.५७ आणि ५.४६. एक-दोन मिनिटं इकडे-तिकडे धरा. साडेतीन हजार किलोमीटरहून जास्त लांब असलेल्या दोन शहरांच्या भिंतीवरच्या घड्याळात सूर्यास्ताचा फरक दहा मिनिटांचाही नाही. म्हणूनच जेद्दाहून आलेला माणूस म्हणतो, "मगरिब तर तिथेही याच टायमाला होते." तो बरोबरच सांगतो. वेळ तीच असते, फक्त ती अडीच तास उशिरा येते.

सौदीतल्या सगळ्याच शहरांना हे लागू नाही, हे मात्र ध्यानात ठेवावं. दम्माम पूर्वेच्या किनाऱ्यावर, ५० अंशांच्या पलीकडे आहे. घड्याळ जेद्दाचंच, पण सूर्य तिथे जेद्दापेक्षा सुमारे ४४ मिनिटं आधी उगवतो आणि आधीच मावळतो. एक भाऊ जेद्दात आणि एक दम्माममध्ये असेल तर दोघांच्या इफ्तारीत पाऊण तासाचं अंतर पडतं. कतार, कुवेत, बहरीन यांचं घड्याळ सौदीसारखंच, आपल्यापेक्षा अडीच तास मागे. दुबई, अबूधाबी आणि ओमान मात्र दीडच तास मागे.

नांदेडचा तक्ता, मुंबईचा तक्ता

हा एक-दोन अंशांचा हिशोब परदेशापुरताच नाही. नांदेड आपल्या पूर्वेला आहे, तिथे सूर्य आपल्यापेक्षा सुमारे ८ मिनिटं आधी मावळतो. मुंबई पश्चिमेला आहे, तिथे सुमारे १० मिनिटं नंतर. देश एक, राज्य एक, घड्याळही एक, तरी १८ मिनिटं इकडची तिकडे होतात. नांदेडच्या तक्त्यावर कुणी इथे इफ्तार केली तर सूर्य मावळायच्या आधीच तोंडात खजूर जाईल. मुंबईच्या तक्त्यावर सहरी केली तर फजरची वेळ सुरू झाल्यावरही खाणं चालू राहील. रमजानमध्ये हे कॅलेंडर नातेवाइकांकडून फोनवर फिरत येतात आणि वर शहराचं नाव बारीक अक्षरात असतं. मोबाइलमधल्या ॲपमध्येही शहर तपासून घ्यावं. लोकेशन बंद असलं की काही ॲप शेवटचंच शहर धरून बसतात, मग जेद्दाहून सुट्टीवर आलेल्या माणसाचा फोन इथेही जेद्दाच्या अजानची आठवण देत राहतो.

जेद्दाच्या आणि आपल्या नमाजच्या वेळांत जो फरक दिसतो तो बहुतेक हिशोबाच्या पद्धतीचा आहे. आपल्याकडच्या बहुतेक मस्जिदी हनफी पद्धतीनं चालतात. त्यात एखाद्या वस्तूची सावली, दुपारची मूळ सावली सोडून, वस्तूच्या दुप्पट झाली की असरची वेळ धरतात. सौदीत सावली एकपट झाली की असर होते. मार्चच्या शेवटी जेद्दात असर ३.५० च्या पुढेमागे होते तर आपल्याकडे पाचच्या सुमाराला. इशाचंही तसंच. सौदीतल्या उम्मुल-कुरा कॅलेंडरात इशा मगरिबनंतर सरळ दीड तासानं, आणि रमजानमध्ये दोन तासांनी लावतात. आपण संध्याकाळचा उजेड पूर्ण जाण्याचा हिशोब करतो. नवा माणूस तिथे गेला की पहिले काही दिवस असरलाच गोंधळतो.

घड्याळं एक होण्याच्या आधी

आज सगळं सरळ दिसतं, पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच भागात किती घड्याळं होती! भारताची प्रमाण वेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली. मुंबईनं ती सहजासहजी मानली नाही. मुंबईची स्वतःची वेळ प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटं मागे होती आणि तिथल्या महापालिकेनं ती १९५५ पर्यंत धरून ठेवली. आपलं शहर तेव्हा निजामच्या राज्यात. विसाव्या शतकाच्या तोंडावर मनमाडहून सिकंदराबादकडे निजामची रेल्वे धावू लागली आणि गाडीच्या वेळा लोकांच्या दिवसात घुसल्या. शहागंजचा घड्याळाचा मनोरा त्या निजामी काळाची खूण आहे. त्याच्याभोवतीचा बाजार मात्र आजही घड्याळापेक्षा अजानवर जास्त चालतो असं आमचं मत आहे.

हिजाजमध्ये, म्हणजे मक्का-मदिना-जेद्दाच्या पट्ट्यात, जुनी रीत आणखी वेगळी होती. सूर्य मावळला की घड्याळात बारा वाजले असं धरायचे. दिवस मगरिबपासून सुरू होतो, हिजरी तारीखही तेव्हाच बदलते, म्हणून घड्याळही तिथूनच. रोज सूर्यास्त थोडा सरकतो, तसं घड्याळही रोज नीट लावावं लागायचं. उस्मानी मुलखात ही पद्धत सर्रास होती. आपल्याकडचा हाजी बोटीतून जेद्दाला उतरला की त्याच्या खिशातलं घड्याळ तिथे निरुपयोगी ठरत असणार.

बोटीच्या प्रवासात फरकाचा धक्का बसत नसे, कारण मुंबई ते जेद्दा आठवडाभर किंवा त्याहून जास्त लागायचा. अडीच तास आठवड्यात वाटले तर रोजची वीसेक मिनिटं होतात, शरीराला कळतही नाही. समुद्रमार्गे हज १९९५ नंतर बंद झाला. विमान मुंबईहून सकाळी दहाला निघालं तर साडेपाच तासांनी, आपल्या साडेतीनला, तिथे उतरतं आणि जेद्दाच्या भिंतीवर एक वाजलेला असतो. जोहर अजून हातात असते. परतताना उलट होतं, रात्र अडीच तासांनी आखूड होते. रात्री दहाला निघालेला माणूस पाच तास उडून मुंबईत पहाटे तीनला उतरत नाही तर साडेपाचला उतरतो, आणि फजरची घाई असते. आपल्या चिकलठाणा विमानतळावरूनही काही वर्षी हजची विमानं गेलेली आहेत.

जुन्या निजामी राज्याचा एक धागा अजून टिकून आहे. मक्केत निजाम घराण्यानं उभी केलेली रुबात, म्हणजे हाजींसाठीची वास्तू, आजही जुन्या हैदराबाद संस्थानातल्या जिल्ह्यांच्या हाजींना मोफत राहायला देतात. त्यात तेलंगणा आहे, कर्नाटकातले काही जिल्हे आहेत आणि आपला मराठवाडाही आहे. १९४८ ला संस्थान संपलं, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला, पण रुबातीच्या दाराशी परभणी, बीड, नांदेड, औरंगाबाद ही नावं अजून चालतात.

बापाशी बोलायचं कधी?

आता रोजच्या जगण्याकडे येऊ. आमच्या वर्गात दरवर्षी काही मुलं अशी असतात की ज्यांचे अब्बा दोन-दोन वर्षं तिथेच असतात. त्यांच्यासाठी अडीच तास हा भूगोलाचा धडा नसतो. रात्री अब्बाचा फोन येईपर्यंत जागायचं की झोपायचं, असा तो प्रश्न असतो.

जेद्दात दुकानात काम करणाऱ्याचा दिवस दोन तुकड्यांत असतो. सकाळी नऊ-दहा ते जोहरपर्यंत, मग मोठी सुट्टी, मग असरनंतर थेट रात्री दहा-अकरापर्यंत. तो रात्री अकराला सुटला तर आपल्याकडे दीड वाजलेला असतो. मूल केव्हाच झोपलेलं असतं, आणि नसेल तर झोपलेलं असायला हवं. सकाळी सातला तो कामावर निघण्याआधी फोन करू म्हणतो, तर इथे साडेनऊ झालेले, मूल शाळेत. उरते ती दुपारची सुट्टी. तिथले एक ते चार म्हणजे आपले साडेतीन ते साडेसहा. शाळा सुटलेली, ट्यूशन लागायची आहे, मगरिब अजून झालेली नाही. दुकानदारीतल्या बापासाठी यापेक्षा चांगली वेळ नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण नेमक्या याच वेळेला आपण मुलांना ट्यूशनला पाठवतो. आठवड्यातून तीन दिवस तरी ही वेळ मोकळी ठेवता आली तर बघावं.

बांधकामावर किंवा उघड्यावर काम करणाऱ्यांचं गणित वेगळं. सौदीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी बारा ते तीन उन्हात काम करून घ्यायला बंदी आहे. त्या तीन महिन्यांत त्यांचे बारा ते तीन, म्हणजे आपले अडीच ते साडेपाच, विश्रांतीचे असतात. पण हा माणूस पहाटे चारला उठलेला असतो आणि त्याला तेव्हा झोप हवी असते. त्याला फोन लावण्याआधी एक मेसेज टाकलेला बरा. रमजानमध्ये सौदीच्या कायद्यानं मुस्लिम कामगाराला दिवसाला सहा तासांपेक्षा जास्त काम लावता येत नाही, एरवी आठ तास असतात. कागदावर तसं आहे, प्रत्यक्षात मालकामालकांवर अवलंबून असतं.

सुट्ट्या तर जुळतच नाहीत. सौदीत २०१३ च्या जूनपर्यंत गुरुवार-शुक्रवार सुट्टी असायची, आता शुक्रवार-शनिवार असते. दुकानातल्या आणि मजुरीवरच्या माणसाला बहुधा शुक्रवारच मिळतो. आपल्या मुलांना सुट्टी रविवारी. शुक्रवारी अब्बा मोकळे असतात तेव्हा मूल शाळेत, रविवारी मूल मोकळं असतं तेव्हा अब्बा कामावर. शनिवारी आपल्याकडे बऱ्याच शाळा सकाळच्या असतात, ऑफिसात काम करणाऱ्या बापाला तेवढा शनिवार सापडतो. (शुक्रवारी जुमानंतरची वेळ तिथे झोपेची असते हे घरच्यांनी समजून घ्यावं. "सुट्टी असून फोन नाही" म्हणून होणारी भांडणं आम्ही पालकसभेतही ऐकली आहेत.)

पूर्वी हे सगळं महागही होतं. आंतरराष्ट्रीय कॉलची कार्डं घासून नंबर काढायचे आणि मिनिटं मोजत बोलायचं. सौदीनं २०१७ मध्ये इंटरनेटवरून बोलण्यावरची बंदी उठवली, तेव्हापासून चेहरे दिसू लागले. दहावीचा निकाल दुपारी एकला लागतो तेव्हा जेद्दात साडेदहा झालेले असतात, आणि काउंटरवर उभा असलेला बाप गिऱ्हाईक सांभाळत एका हातानं स्क्रीन बघत असतो.

कागदांसाठी आठवड्यात चारच दिवस

ही बाब सगळ्यात कमी लोकांना ठाऊक असते आणि सगळ्यात जास्त त्रास देते. महाराष्ट्र शासनाची कार्यालयं २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांच्या आठवड्यावर चालतात. शनिवार-रविवार बंद, वेळ सकाळी ९.४५ ते संध्याकाळी ६.१५. सौदीची कार्यालयं शुक्रवार-शनिवार बंद. जेद्दातला भारतीय वाणिज्य दूतावासही तिथल्याच आठवड्याप्रमाणे चालतो. म्हणजे दोन्हीकडची दारं एकाच दिवशी उघडी असतात ती सोमवार, मंगळवार, बुधवार आणि गुरुवार. बस, चारच दिवस. त्यात तिथली कचेरी सकाळी आठला उघडते असं धरलं तरी आपले साडेदहा वाजतात.

मुखत्यारपत्र, जन्मदाखला, पासपोर्टचं काम असेल तर एखादा आठवडा इकडे-तिकडे चालतो. पण मयतीचं काम थांबत नाही. तिथे कुणाचा इंतकाल झाला तर दफन तिथेच करायचं की मय्यत इकडे आणायची हे वारसांना लेखी कळवावं लागतं. इथून नोटरीचा कागद जातो, तिथून दूतावासाचं ना-हरकत प्रमाणपत्र निघतं, मालकाकडचा आणि पोलिसांचा कागद वेगळा. बातमी गुरुवारी संध्याकाळी आली तर तिथली नेहमीची कचेरी आता रविवारीच उघडणार आणि त्या दिवशी आपली बंद. अशा वेळी दूतावासाचा आणीबाणीचा फोन वेगळा असतो, तो नंबर आधीच लिहून ठेवावा. इकामा आणि पासपोर्टची झेरॉक्स, मालकाचा नाव-पत्ता आणि तिथल्या एखाद्या गाववाल्याचा फोन, हे सगळं घरात एका पाकिटात असावं. आमच्या ओळखीच्या बऱ्याच घरांत यातलं एकही घरी नसतं, सगळं त्या माणसाच्याच मोबाइलमध्ये असतं.

उलटंही घडतं. इथे वडील गेले, जोहरनंतर दोन वाजता जनाजा. जेद्दात तेव्हा साडेअकरा. मुलाला परतीची परवानगी, तिकीट, मुंबई आणि तिथून पुढचा रस्ता, हे सगळं जोहरच्या आत होणं शक्य नसतं. थांबायचं की नाही हे घरच्यांनी ठरवायचं असतं. मय्यतीला उशीर करू नये हेच आपण शिकत आलो आहोत, त्यामुळे बहुतेक मुलं तो जनाजा फोनवरच बघतात.

पैशांचं आता सोपं झालं आहे. आपल्याकडे डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास चालतं. बँकेच्या शाखेत जायचं असेल तर मात्र रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार टाळावा.

चाँद, ईद आणि मोजायचे रोजे

२०२५ मध्ये सौदीत पहिला रोजा १ मार्चला झाला, आपल्याकडे २ मार्चला. ईद तिथे ३० मार्चला, इथे ३१ ला. असं दरवर्षी जवळपास होतंच. कारण एकच नाही. जेद्दात सूर्य आपल्यानंतर सुमारे दोन तास पंचवीस मिनिटांनी मावळतो, तेवढ्यात चाँद सूर्यापासून आणखी थोडा लांब गेलेला असतो आणि दिसायला सोपा होतो. पण तेवढ्यानं नेहमी पूर्ण दिवसाचा फरक पडला नसता. दोन्हीकडची चाँद ठरवण्याची रीत आणि गवाही घेणाऱ्या संस्थाही वेगळ्या आहेत. आपल्याकडे स्थानिक रुयतवर निर्णय होतो.

३० मार्चलाच बघा. जेद्दात ईदची नमाज झाली, शीर खुर्मा झाला, आणि बापानं घरी फोन लावला तर इथे मुलाला रोजा आहे. मुलं हिरमुसतात, पण एक फायदाही होतो. तिथल्या माणसाला घरच्या ईदच्या दिवशीही बोलता येतं, म्हणजे फोनवर दोन ईद होतात.

रमजान अर्धा तिथे आणि अर्धा इथे काढणाऱ्यांनी मात्र दिवस मोजावेत. त्या वर्षी ज्यानं २ मार्चला इथे पहिला रोजा धरला आणि मग जेद्दाला जाऊन ३० मार्चला ईद केली, त्याचे रोजे २८ च झाले. हिजरी महिना २९ पेक्षा कमी कधीच नसतो, म्हणून एक रोजा नंतर ठेवावा लागतो. तिकडून इकडे येणाऱ्याचे एखाद्या वर्षी ३१ सुद्धा होऊ शकतात. विमानातल्या रोजाबद्दलही लोक विचारतात. दुपारी मुंबईहून पश्चिमेला निघालात तर सूर्य बराच वेळ मावळतच नाही आणि तो रोजा घड्याळात दोन-अडीच तासांनी लांबतो. इफ्तार जिथे आहात तिथल्या सूर्यास्ताला, मनगटावरच्या औरंगाबादच्या वेळेला नाही. आपापली बाब तिकीट काढण्यापूर्वी आपल्या आलिमांना विचारून घ्यावी.

रमजानमध्ये मक्केच्या तरावीह टीव्हीवर बघणाऱ्यांसाठी : मार्चच्या शेवटी तिथली इशा साडेआठच्या पुढे असते, म्हणजे आपले अकरा. आपल्या मोहल्ल्यातली तरावीह संपवून घरी आलेला माणूस निवांत बघू शकतो. आणि जेद्दातली फजर पाचच्या सुमाराला, म्हणजे आपले साडेसात. इथे मुलांच्या डब्याची गडबड चालू असताना तिथे सहरी नुकतीच संपलेली असते.

रात्र तिथली, रात्र इथली

घड्याळात वेळा जुळतात, पण त्या वेळी काय करायचं हे हवामान ठरवतं. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून जास्त उंचीवर आहे. मे महिन्यात दुपार भाजून काढते, पण रात्री गच्चीवर वारा सुटतो. जेद्दा लाल समुद्राच्या काठावर आहे. तिथे रात्रही दमट आणि गरम असते. म्हणून तिथलं शहर इशानंतर जागं होतं. कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, लेकरंबाळं रात्री बारापर्यंत असतात. जुन्या बलद भागात पोवळ्याच्या दगडांची, लाकडी सज्जांची घरं आहेत. त्या भागाला २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात जागा मिळाली. आपल्या इथे एवढी रात्र फक्त रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत जागते, सिटी चौकात आणि शहागंजात. नान-खलियाच्या वासावर माणूस डोळे मिटून गल्ली ओळखतो.

पाऊस आपल्याकडे जून ते सप्टेंबर, वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास. जेद्दात शंभरच्याही खाली, आणि तोही नोव्हेंबर ते जानेवारीत एखाद्या दिवशी एकदम कोसळतो. नोव्हेंबर २००९ च्या तशा एका पावसानं पूर आणून शंभराहून जास्त जीव घेतले. नोव्हेंबरमध्ये इथून "तिकडे पाऊस आहे का?" असं विचारणारी आई उगाच विचारत नसते.

पाण्याची गोष्ट तर दोन्ही शहरांत अजब आहे. जेद्दाजवळ पिण्याजोगी नदी नाही, तिथे समुद्राचं खारं पाणी गोडं करून पितात. आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर पैठणला गोदावरीवर जायकवाडीचा नाथसागर भरलेला असतो, तरी नळाला पाणी कित्येक दिवसांनी एकदा येतं. मलिक अंबरनं चारशे वर्षांपूर्वी नहर काढून या शहराला पाणी पाजलं, पाणचक्की त्या परंपरेची साक्ष देत उभी आहे. आज आमच्या मोहल्ल्यात नळाची पाळी पहाटे तीनची असेल तर घर तीनला उठतं. जेद्दात तेव्हा रात्रीचे साडेबारा, दुकान बंद करून माणूस नुकताच खोलीवर आलेला. अम्मी नळाखाली भांडं लावून फोनवर असते. अडीच तासांच्या फरकाचा हाही एक उपयोग कुणी नोंदवलेला नाही.

सावलीवरून किबला

शेवटी एक प्रयोग, जो आम्ही मुलांकडून करून घेतो. वर्षातून दोनदा, २७-२८ मे आणि १५-१६ जुलैला, मक्केच्या मध्यान्हीला सूर्य बरोबर काबाच्या डोक्यावर असतो. मक्केच्या घड्याळात मे महिन्यात तेव्हा १२.१८ आणि जुलैत १२.२७ झालेले असतात. त्यात आपले अडीच तास मिळवा, म्हणजे दुपारी २.४८ आणि २.५७. त्या मिनिटाला आपल्या शहरात सूर्य जिकडे दिसतो तिकडेच किबला असतो. अंगणात सरळ काठी रोवावी, किंवा ओळंबा टांगावा, आणि सावलीवर खडूनं रेघ ओढावी. सावलीच्या टोकाकडून काठीकडे तोंड केलं की किबला समोर येतो. आपल्या इथे तो अगदी पश्चिमेला नाही, पश्चिमेपासून साधारण ९ अंश उत्तरेकडे कललेला आहे. सूर्य तेव्हा क्षितिजापासून बराच वर, ५७ अंशांच्या जवळपास असतो, त्यामुळे सावली आखूड पडते. काठी जितकी उंच तितकी रेघ नीट मिळते. जुलैत आपल्याकडे आभाळ असतं, म्हणून मे महिन्याचीच तारीख धरावी. शाळेला तेव्हा सुट्टी असते, पण घरच्या गच्चीवर हे होतं. मोबाइलचं घड्याळ आपोआप वेळ घेणारं असावं, एवढंच पाहावं, आणि त्या मिनिटाच्या दोन-तीन मिनिटं पुढे-मागे झालं तरी फारसं बिघडत नाही.